टेकडी की नदीकाठ: एका किकरच्या कॉलेज-निवडीचं प्रकरण

शिकागोच्या पश्चिमेकडच्या उपनगरांत मी गेली काही वर्षं मराठी कुटुंबांना कॉलेजच्या अर्जांसाठी विनामूल्य मदत करते. बहुतेक मुलं संगणक नाहीतर इंजिनिअरिंगच्या वाटेने जातात. हे प्रकरण निराळं होतं आणि त्यात माझ्याही हातून चूक झाली, म्हणून ते सविस्तर लिहिते आहे. कुटुंबाची परवानगी घेतली आहे आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. ज्या दोन कॉलेजांमधून निवड करायची होती, त्यांतलं एक टेकडीवर आहे आणि दुसरं नदीकाठी. त्यांना त्याच नावांनी ओळखू.

पार्श्वभूमी

मुलगा दहावीपर्यंत सॉकर, म्हणजे आपल्याकडे ज्याला फुटबॉल म्हणतात ते, खेळत होता. त्याच्या हायस्कूलच्या अमेरिकन फुटबॉल संघाचा किकर, म्हणजे चेंडू लाथेने मारायचं खास काम असणारा खेळाडू, जखमी झाला. कोचनी सॉकरच्या मैदानावर येऊन विचारलं, "तुमच्यात सर्वांत लांब लाथ कोण मारतं?" तिथून हे सुरू झालं. अकरावीच्या अखेरीस तो ४० यार्डांचे फील्ड गोल, म्हणजे चेंडू लाथेने गोलच्या दोन खांबांमधून पार करायचा, सरावात सहज मारायचा. (चेंडू जिथे थांबला तिथून गोलरेषेपर्यंतच्या अंतरात साधारण १७ यार्ड मिळवले की किकचं अंतर निघतं. दहा यार्ड गोलरेषेमागच्या पट्ट्याचे, कारण खांब त्याच्या टोकाला असतात, आणि चेंडू सात यार्ड मागे धरून उभा करतात. हे गणित त्याच्या आईनेच मला समजावलं.) अभ्यासात तो उत्तम होता, फार बोलका नव्हता.

वडील कोल्हापूरचे, मंगळवार पेठेतले. लहानपणी राजर्षी शाहू स्टेडियमवर पाटाकडील तालमीच्या फुटबॉल संघाचे सामने पाहत वाढलेले. दोन पेठांमधला सामना म्हणजे काय हे त्यांना कुणी सांगायला नको. आई सांगलीची, घर शाकाहारी. वडील बाहेर तांबडा-पांढरा खातात, मुलगा मात्र आईसारखा. दूध, दही, चीज चालतं, अंडंही चालतं, मांस-मासे नाहीत.

आता ही छोटी कॉलेजं. अमेरिकेत टीव्हीवर दिसणारं, लाखभर प्रेक्षकांचं कॉलेज फुटबॉल म्हणजे डिव्हिजन वन. कॉलेजांचे खेळ चालवणाऱ्या एनसीएए या संघटनेच्या डिव्हिजन थ्रीमध्ये २४० च्या आसपास कॉलेजं फुटबॉल खेळतात आणि त्यांपैकी कुठेही खेळासाठी शिष्यवृत्ती देता येत नाही. खेळाचा दर्जा हलका नसतो. आमच्याजवळच्या नेपरव्हिलमधल्या नॉर्थ सेंट्रल कॉलेजने २०१९, २०२२ आणि २०२४ च्या मोसमांत डिव्हिजन थ्रीचं विजेतेपद मिळवलं आहे. पण खेळाडूला मिळणारी आर्थिक मदत त्याच्या अभ्यासातल्या गुणांवर किंवा घरच्या उत्पन्नावर ठरते, आणि खेळाडूंना इतरांपेक्षा जास्त दिलं जात नाही ना, यासाठी कॉलेजांना दरवर्षी हिशेब सादर करावा लागतो.

यातली एक गोष्ट पालकांच्या लक्षात सहसा येत नाही. दीड-दोन हजार विद्यार्थ्यांच्या कॉलेजात फुटबॉलचा संघ शंभराच्या वर असू शकतो. ही मुलं फी भरणारी असतात. खेळायला मिळतंय म्हणून ती या आडगावातल्या कॉलेजात येतात, एरवी आली नसती. म्हणजे कोच खेळाडू निवडतात तेव्हा कॉलेजचे वर्गही भरत असतात. यात फसवणूक काही नाही, कोचही ते लपवत नाहीत. आपण विचारत नाही, एवढंच.

आणि चुरस. इंडियानातल्या वॉबॅश आणि डीपॉ या दोन कॉलेजांचा सामना १८९० पासून चालू आहे. १९३२ पासून विजेत्याला मोनॉन रेल्वेच्या इंजिनावरची सुमारे ३०० पौंडांची घंटा मिळते. ॲम्हर्स्ट आणि विल्यम्स १८८४ पासून भिडतात. टेकडी आणि नदीकाठ यांचंही असंच आहे. दोघांत तासाभराचं अंतर, वर्षाचा शेवटचा सामना एकमेकांशी, आणि तो जिंकला तर बाकीचा मोसम वाईट गेला तरी चालतो.

अडचण काय होती

अकरावीनंतरच्या उन्हाळ्यात एका किकिंग शिबिरात दोन्ही कॉलेजांच्या कोचनी मुलाला पाहिलं. आठवड्याभरात दोघांचेही मेसेज सुरू झाले. टेकडीचे कोच जास्त उत्साही. जुलैमध्ये त्यांनी गुणपत्रिका मागवून प्रवेश विभागाला दाखवली आणि कळवलं की सगळं हिरवं आहे. घरी याचा अर्थ प्रवेश मिळाला असा झाला. प्रत्यक्षात तो प्राथमिक अंदाज असतो. अर्ज यायच्या आधी कोणी प्रवेश देत नाही.

ऑक्टोबरात कोचचा फोन आला. अर्ली डिसिजनने अर्ज करा, म्हणजे माझा किकर ठरला. अर्ली डिसिजन म्हणजे एकाच कॉलेजला आधी अर्ज करायचा आणि प्रवेश मिळाला तर बाकीचे अर्ज मागे घेऊन तिथेच जायचं. त्या करारावर मुलगा, पालक आणि शाळेचे समुपदेशक अशा तिघांच्या सह्या असतात. मुदत नोव्हेंबरच्या मध्यावर होती. मुदतीच्या आधीच्या शनिवारी टेकडी-नदीकाठ सामना होता, टेकडीच्या मैदानावर, आणि कोचनी कुटुंबाला बोलावलं होतं.

त्या शनिवारी रात्री वडिलांचा मला फोन आला. "काय वातावरण हो वहिनी! शाहू स्टेडियमची आठवण झाली बघा. म्हातारी माणसं तोंड रंगवून आलेली. पोराला मैदानात उभं केलं होतं खेळाडूंच्या शेजारी. आता दुसरं काय बघायचं?"

मागून आईचा आवाज ऐकू आला. "खर्च बघायचाय. आणि तो खाणार काय तेही."

दोन्ही कॉलेजांचा, मदत वजा करण्याआधीचा, वार्षिक खर्च ७० हजार डॉलरच्या आसपास होता. घरी धाकटी बहीण नववीत. आणि खाण्याचा प्रश्न वरवर छोटा वाटला तरी नव्हता. रोज दोन तास सराव आणि वजनं उचलणारा १८ वर्षांचा मुलगा चार वर्षं कॉलेजच्या खाणावळीत जेवणार होता. टेकडीच्या भेटीत आईने विचारलं, तेव्हा कोच मनापासून हसून म्हणाले, काळजी करू नका, पास्ता नेहमीच असतो. दोन वर्षांनी संघ युरोपला न्यायचा बेत आहे, असंही त्यांनी त्याच ओघात सांगितलं. तिथेही पास्ताच!

कोणते पर्याय होते

पहिला, टेकडीला अर्ली डिसिजन. प्रवेशाची शक्यता सर्वांत जास्त, कोच खूश, डिसेंबरात सगळं संपलं. तोटा असा की नदीकाठ किती मदत देतं हे कधीच कळणार नाही. तुलना करायला दुसरं पत्र हातातच नसेल.

दुसरा, दोन्हीकडे साधा अर्ज, मार्चपर्यंत थांबायचं आणि १ मेच्या आत ठरवायचं. तोटा उघड आहे. टेकडीचे कोच तोवर दुसरा किकर शोधणार.

तिसरा, अर्बाना-शॅम्पेनचं राज्य विद्यापीठ आणि फुटबॉल बंद. हा पर्याय वडिलांनी एकदाच उच्चारला. मुलगा काही बोलला नाही, उठून अंगणात गेला आणि अंधारात जाळ्यावर चेंडू मारत राहिला. तो विषय तिथेच संपला. मला मात्र आजही वाटतं की त्यावर अजून एक संध्याकाळ खर्च करायला हवी होती.

माझी चूक इथे झाली. अर्ली डिसिजनबद्दल वडिलांनी विचारलं, तेव्हा मी म्हटलं की मदत अपुरी असेल तर त्या करारातून बाहेर पडता येतं. हे खरं आहे. पण अपुरी म्हणजे कुणाच्या हिशेबाने, हे मी सांगितलं नाही. कॉलेज आपल्या सूत्राने तुमची ऐपत काढतं, आणि त्या सूत्राला एखादं अपार्टमेंट विकून आलेले पैसे दिसतात, सांगलीच्या आजीचं औषधपाणी दिसत नाही. शिवाय डिसेंबरात बाहेर पडणारं कुटुंब जानेवारीच्या मुदती गाठायला धावपळ करतं. माझ्या अर्ध्या वाक्यामुळे वडील निर्धास्त झाले आणि तीन दिवस सही करायच्या बेतात होते.

काय केलं

थांबवलं आईने. तिने दोन्ही कॉलेजांच्या वेबसाइटवरचं नेट प्राइस कॅल्क्युलेटर भरलं. मदत वजा जाता घरून किती भरावं लागेल याचा अंदाज ते देतं. कायद्याने २०११ पासून केंद्र सरकारची विद्यार्थी-मदत घेणाऱ्या कॉलेजांना ते ठेवावं लागतं, तरी फार थोडे पालक ते अर्जाआधी उघडतात. आकडे अंदाजाचे असतात, पण दोन कॉलेजांमध्ये दहा हजारांहून जास्त फरक दिसला आणि तो नदीकाठाच्या बाजूने होता. रविवारी दुपारी ती लॅपटॉप घेऊन माझ्याकडे आली. तेव्हा मी माझं अर्धं वाक्य पूर्ण केलं.

मग आम्ही मुलाला बसवलं. प्रश्न त्यानेच विचारायचे, वडिलांनी फोनला हात लावायचा नाही, हे ठरलं. कोचना पालकांपेक्षा मुलाचा आवाज ऐकायचा असतो आणि उत्तरंही जास्त सरळ मिळतात. प्रश्न तीन होते. या वर्षी तुम्ही किती किकर घेताय? सध्याचे किकर कोणत्या वर्षाला आहेत? मी साधा अर्ज केला तर संघात जागा राहील का?

टेकडीचे कोच खोटं बोलले नाहीत. आणखी दोन किकरशी बोलणं चालू आहे, सध्याचा किकर तिसऱ्या वर्षाचा आहे, आणि साधा अर्ज केलास तर संघात ये, पण पहिला मान देऊ शकणार नाही, असं त्यांनी सांगितलं. 'माझा किकर' हे वाक्य त्यांनी बहुधा तिघांनाही म्हटलं असणार, आणि तिघांपैकी प्रत्येकाला ते खरं वाटावं असंच होतं. नदीकाठाचा किकर शेवटच्या वर्षाला होता, दुसरा एक मुलगा येणार होता. कोच म्हणाले, दोघं येऊन झगडा, जो चांगला तो खेळेल.

करारावर सही झाली नाही. दोन्हीकडे आणि राज्य विद्यापीठातही साधे अर्ज गेले.

जानेवारीत, मोसम संपल्यावर, नदीकाठाने रात्रीच्या मुक्कामाला बोलावलं. ही भेट निर्णायक ठरली आणि तिच्यात खेळाविषयी जवळजवळ काहीच नव्हतं. बाहेर बर्फ, खाणावळीत एक लांब टेबल, त्याभोवती आठ-दहा खेळाडू आणि पाहुणे कुटुंब. गप्पांचा विषय एकच, आदल्या मे महिन्यातला इटलीचा दौरा. कॉलेजच्या संघांना काही वर्षांतून एकदा परदेश दौरा करता येतो आणि इटलीत अमेरिकन फुटबॉलचे क्लब आहेत, म्हणून पुष्कळ संघ तिकडे जातात. सामन्याबद्दल कुणी दोन वाक्यांहून जास्त बोललं नाही. बोलणं चाललं होतं ते खाण्याचं.

सव्वाशे किलोचा एक लाइनमन, म्हणजे पुढच्या फळीतला धिप्पाड खेळाडू, सांगत होता की हॉटेलातली सकाळची न्याहारी म्हणजे एक गोड कॉर्नेतो (क्रोसाँसारखा पाव) आणि बोटभर कॉफी. पहिल्या दिवशी अकरा वाजता आख्खी लाइन सुपरमार्केटात शिरली आणि अंडी, केळी, पाव विकत घेऊन फुटपाथवर बसली. दुसऱ्याने पार्मात घोड्याचं कच्चं मांस खाल्लं होतं आणि ते अजून घरी आईला सांगितलेलं नव्हतं. तिसरा जेनोव्हातल्या फारिनाताबद्दल बोलत होता. हरभऱ्याचं पीठ, पाणी, मीठ आणि ऑलिव्हचं तेल एकत्र करून तांब्याच्या मोठ्या परातीत ओतायचं आणि लाकडाच्या भट्टीत भाजायचं.

"म्हणजे आपलं धिरडंच की," आई मराठीत म्हणाली, आणि मुलाने ते भाषांतर करून सांगितलं. मग टेबलावर धिरडं कसं करतात यावर दहा मिनिटं गेली. आईने त्यांना हेही सांगितलं की खरं पार्मेझान चीज वासराच्या जठरातल्या रेनेटने, म्हणजे दूध फाडणाऱ्या विरजणासारख्या पदार्थाने, बनतं. टेबलावरच्या निम्म्या मुलांना ते ठाऊक नव्हतं, तिच्या स्वतःच्या मुलालाही नव्हतं. तो म्हणाला, मी खातो, मला चालतं. ती गप्प बसली. पण त्याने स्वतःच्या तोंडाने काही ठरवलं, हे तिला आवडलं असं तिने नंतर मला सांगितलं.

तेवढ्यात स्पेशल टीम्सचे, म्हणजे किकर वगैरेंना शिकवणारे, कोच एक फाइल घेऊन आले. संघात ग्लुटेन न चालणारा एक खेळाडू होता, एकाला शेंगदाण्याची ॲलर्जी, दोन शाकाहारी. दौऱ्याच्या तीन महिने आधी त्यांनी प्रत्येकाला काय चालत नाही याची यादी करून हॉटेलांना पाठवली होती आणि त्या चौघांसाठी इटालियनमध्ये छापलेली कार्डं खिशात ठेवायला दिली होती. मिनेस्त्रोने या भाज्यांच्या सूपात कधी कधी डुकराची चरबी घालतात, रोमान्यातल्या पियादिना या पोळीच्या पिठातही ती असते, हे त्यांनी आईला सांगितलं. तीच यादी कॉलेजच्या खाणावळीकडेही होती. आईने ते कार्ड हातात घेऊन उलटसुलट पाहिलं. मला वाटतं, तिचा निर्णय त्या क्षणी झाला.

वडिलांचा अजून व्हायचा होता. परतीच्या वाटेवर ते दोन तास जवळपास बोलले नाहीत. त्यांना टेकडीचं ते मैदान, ती रंगवलेली तोंडं सोडवत नव्हती. ज्या बाजूला एकदा उभे राहिलो ती बाजू सोडायची म्हणजे पेठ बदलल्यासारखं, असं ते म्हणाले. हे भावनेच्या भरातलं बोलणं म्हणून सोडून द्यावं असं मला वाटलं नाही. परदेशात पंचवीस वर्षं काढलेल्या माणसाला एका शनिवारी आपली पेठ परत मिळाली होती.

पुढे काय झालं

मार्चअखेर पत्रं आली. टेकडीने गुणांवरची शिष्यवृत्ती दिली आणि वर्षाला साधारण ४६ हजार भरायचे राहिले. नदीकाठाचा आकडा ३३ हजार. टेकडीला दुसऱ्या कॉलेजचं पत्र दाखवून फेरविचाराची विनंती केली, त्यांनी दोन हजार वाढवले. मुलाने एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात नदीकाठ निवडलं.

पहिल्या वर्षी त्याने एकाही सामन्यात चेंडूला पाय लावला नाही. त्याच्यासोबत आलेला दुसरा किकर सरस निघाला. हे वर्ष कठीण गेलं, नोव्हेंबरात तो घरी फोन करायचा बंद झाला होता. दुसऱ्या वर्षी किकऑफ (खेळ सुरू करताना मारायची किक) त्या मुलाकडे राहिले आणि फील्ड गोल, एक्स्ट्रा पॉइंट (टचडाउननंतर एका गुणासाठीची किक) याच्याकडे आले. टेकडीविरुद्ध त्याने मारलेले दोन्ही एक्स्ट्रा पॉइंट बसले. सामना हरले.

त्या मे महिन्यात संघ पुन्हा इटलीला गेला. जेनोव्हातून त्याने आईला फोटो पाठवला, कागदात गुंडाळलेला फारिनाताचा तुकडा, आणि खाली मराठीत एक ओळ: मिरची नाहीये पण चालेल.

तिसऱ्या मोसमात सरावात मांडीचा स्नायू फाटला आणि वर्ष गेलं. इथे डिव्हिजन थ्रीचा नियम कुटुंबाला प्रत्यक्ष कळला. त्याची मदत एका डॉलरनेही कमी झाली नाही, कारण ती पायावर अवलंबून नव्हतीच. त्याच वर्षी त्याने अर्थशास्त्रासोबत संख्याशास्त्र घेतलं. आता तो नीट चालतो, पळतो, आणि शेवटच्या मोसमाची तयारी करतो आहे.

वेगळं काय करता आलं असतं

कॅल्क्युलेटर जुलैमध्ये भरायला हवं होतं, कोचने गुणपत्रिका मागितली त्याच दिवशी. पुढच्या प्रत्येक कुटुंबाला मी हे पहिल्या भेटीत करायला लावते. ऑक्टोबरात, कोच प्रेमाने बोलायला लागल्यावर, ते कोरडे आकडे कुणालाच बघावेसे वाटत नाहीत.

दौऱ्याचा खर्च आम्ही तुलनेत धरलाच नाही. इटलीच्या गप्पा ऐकताना कुणाच्या मनात आलं नाही की हे कोण भरतं. काही रक्कम माजी विद्यार्थी देतात, काही खेळाडू वर्गणी जमवून उभी करतात, तरी या कुटुंबाला तीन हजारांहून जास्त भरावे लागले. जे कॉलेज दौऱ्याची छायाचित्रं दाखवतं त्याला हा आकडा त्याच बैठकीत विचारावा.

खाण्याचा प्रश्न आईने लाजत, शेवटी विचारला होता. तो पहिल्यांदा विचारायला हवा होता. संघात शंभर मुलं असताना माझा मुलगा तुम्हाला एकटा दिसतो का, हे विचारायचा तो सर्वांत सोपा मार्ग आहे. टेकडीवर मुलगा उपाशी राहिला असता असं मी म्हणणार नाही, तिथली खाणावळही चांगली आहे. पण तिथे आम्हाला आश्वासन मिळालं आणि इथे छापील कार्ड मिळालं.

वडिलांना तो सामना दाखवायला न्यायलाच नको होतं का, हे मी स्वतःला बऱ्याचदा विचारलं आहे. माझं उत्तर, न्यायला हवंच होतं. फक्त मुदतीच्या आठवड्यात नको होतं. तारीख कोचची होती, पण नकार देणं आपल्या हातात होतं.

आणि एक गोष्ट मी मुलाकडून करून घेतली नाही. एप्रिलमध्ये टेकडीच्या कोचना नकार वडिलांनी ईमेलने कळवला, दोन ओळींत. ज्या माणसाने दहा महिने रात्री-अपरात्री मेसेज केले, शिबिरात तीन तास उन्हात उभं राहून याचे किक मोजले, त्याला मुलाने स्वतः फोन करायला हवा होता. त्याला ते जड जात होतं आणि मी जोर केला नाही. दुसऱ्या वर्षीच्या सामन्यानंतर, दोन्ही संघ हस्तांदोलन करत असताना, तेच कोच रांग सोडून त्याच्याकडे आले आणि पाय कसा आहे, जेवण नीट मिळतं ना, एवढं विचारलं. मुलाने तेव्हा त्यांची माफी मागितली.